शेवटचा क्लॅम्प पहिला

मुबीन परकार, स्कॅफोल्डिंगचा फोरमन, वय चव्वेचाळीस,
लॅपटॉप बगलेत मारून आला तेव्हा
माझी खिचडी शिजत होती
आणि एसीतून बादलीत पाणी टपकत होतं.
'झाड काढायचंय,' म्हणाला. 'आपल्या फाटकापाशी आहे ते.'
सूरमधले लोक त्याला गाफ म्हणतात.
मी परभणीचा, मला शमीच दिसते.

बारा ओळी. फंक्शनचं नाव फांदी,
फांदीच्या पोटात पुन्हा फांदीलाच हाक.
व्हिडिओतला पोरगा घाईघाईत बोलत गेला,
हा थांबवून थांबवून वहीत उतरवत गेला.
वहीच्या कडांना ग्रीस.

चालवलं.
पडद्यावरचं कासव सरळ वर गेलं, डावीकडे वळलं,
पुन्हा गेलं, पुन्हा डावीकडे, दर वेळी आखूड,
विंचवाच्या नांगीसारखं गुंडाळत गुंडाळत
एका ठिपक्यात शिरलं. मग लाल अक्षरं.
'मेलं का?'
मेलं नाही, म्हटलं. त्याला कुणी थांब म्हणालं नाही.

एक ओळ घातली:
लांबी पाचाच्या खाली गेली की निमूट परत.
आता थांबलं खरं,
पण काढलं काय, तर सोडवायचा कंटाळा येऊन
कोळ्याने धक्क्यावर टाकून दिलेलं जाळं.

मी त्याला स्टॅक समजावू लागलो.
ताटांची चवड असते, वरचं ताट आधी निघतं,
प्रत्येक हाक आपली जागा लक्षात ठेवते, वगैरे.
तो मान हलवत होता, म्हणजे कळत नव्हतं.
तेवढ्यात करपल्याचा वास.

पातेल्याचा तळ खरवडतोय, तर मागून:
'साहेब, हा उतरतच नाही.'
'कोण?'
'कासव. वर चढतो, पाइप बांधतो,
आणि तिथूनच दुसरा चढायला लागतो.
आपण काय करतो? शेवटचा क्लॅम्प पहिला सोडायचा,
मग फळी, मग आडवा पाइप,
ज्या वाटेने वर, त्याच वाटेने खाली.
आधी जमिनीला पाय, मग दुसरी बाजू.
नाहीतर माणूस वरच राहतो.'

शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला.
सात नंबरच्या टाकीचं मी कधी विचारलेलं नाही,
आजही नाही विचारलं.

दोन बोटांनी त्याने अक्षरं शोधली: मागे, लांबीइतकं.
दोनच शब्द. त्याला चार मिनिटं लागली.

कासव वर गेलं. टोकाशी थबकलं,
पाठीमागे सरकत बेचक्यात आलं,
उजवी फांदी, टोक, पुन्हा बेचकं.
रास अल जिंझच्या किनाऱ्यावर एका रात्री
अंडी पुरून पाण्याकडे निघालेली कासवीण पाहिली होती आम्ही,
ती इतकीच सावकाश होती,
आणि मुबीन तेव्हाही असाच
श्वास धरून बसला होता.

झाड झालं. पण उजवीकडे कललेलं.
मी ओळी चाळल्या: डावीकडे वीस,
मग उजवीकडे पन्नास, मग डावीकडे तीस.
'दोन्ही बाजूंना पंचवीस कर. समान येईल.'
तो बोटांवर मोजत होता. वीस. पन्नास. तीस.
'शेवटी शून्य होतंय ना?'
'होतंय, पण झाड वाकडं...'
त्याने खिडकीचा पडदा सारला.

फाटकाच्या पिवळ्या दिव्याखाली शमी,
समुद्रावरच्या वाऱ्याने किती वर्षं
एकाच अंगाला रेटलेली.
मी तिच्याखालून रोज बसला जातो.
कललेली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

खाली एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून
लोंबती डहाळी ओढत होती.
मुबीनने पडद्यावरच्या झाडाकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं,
वहीचं कोरं पान काढलं.
'आता हिला,' म्हणाला, 'कशी हाक मारायची?'